चोरीचं पॅनल काढा, पैऱ्यानं सर्व्हर चालवू

सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर, कऱ्हाड, पार तिकडं लातूर-नांदेडपर्यंत जिथं कुठं एकटा माणूस लोकांच्या पाच-पन्नास वेबसाइटी सांभाळत बसलाय, त्या सगळ्या वेबसाइटवाल्या भावा-बहिणींना,

सप्रेम नमस्कार. पत्र लांब होणार आहे, आधीच सांगतो, चहा घेऊन बसा. सांगायचं दोनच: चोरीचं पॅनल, म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्या साइटी जिथनं सांभाळतो ते सॉफ्टवेअर, काढून उघडं (ओपन सोर्स) घ्या, आणि शेतातल्या पैऱ्यासारखं आळीपाळीनं एकमेकांचे बॅकअप सांभाळू.

आपण म्हणजे कोण ते आपल्याला माहितीये. पुण्यात काचेच्या ऑफिसात बसणारी एजन्सी नाही. आपल्या व्हिजिटिंग कार्डावर वेबसाइटच्या खाली सीसीटीव्ही, बल्क एसएमएस, प्रिंटर रिफिलिंग असं सगळं छापलेलं असतं. माझ्याकडं आज ६२ साइटी आहेत, त्यात दातांचे डॉक्टर आहेत, दोन मंगल कार्यालयं, चार पतसंस्था, गणपती पेठेतले हळदीचे अडते, तासगावकडचे बेदाण्याचे कोल्ड स्टोरेजवाले, मिरजेत तंबोरे बनवणारं एक घर, आणि एक गोशाळा जिच्याकडं मी गेली सहा वर्षं पैसे मागितलेले नाहीत. एकदा साइट करून दिली की वर्षाला तीन-चार हजार रिन्यूअल, तेही "दिवाळीनंतर बघू" म्हणत म्हणत. मालक स्वतःची साइट वर्षातनं एकदासुद्धा उघडत नाही, पण ज्या रात्री ती बंद पडते नेमकं त्याच रात्री त्याच्या मुंबईच्या पाहुण्यानं ती उघडलेली असते आणि साडेदहाला आपला फोन वाजतो, अहो साइट दिसंना झालीय.

पत्राचं कारण असं की गेल्या महिन्यात आपल्यातलाच एक पोरगा, नाव गाव सांगत नाही, लॅपटॉप घेऊन माझ्याकडं आला, पार रडकुंडीला आलेला. त्याच्या सर्व्हरवर ७० साइटी, आणि गूगलमध्ये एका शाळेचं नाव टाकलं की खाली जपानी भाषेत बुटांच्या जाहिराती आणि जुगाराच्या लिंका. एक साइट साफ केली की दुसरी खराब, दुसरी केली की पहिली परत. मी विचारलं पॅनल कुठलं, म्हणाला सीपॅनल. म्हटलं लायसन्स? तर गप्प. मग हळूच म्हणाला, शेअर्ड घेतलंय, महिना अडीचशे.

आता हे "शेअर्ड लायसन्स" म्हणजे काय ते ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो, बाकीच्यांनी मान खाली घालून वाचा. टेलिग्रामवर कुणीतरी एक ओळीची कमांड देतो, ती आपण रूट म्हणून, म्हणजे सर्व्हरवरच्या सर्वाधिकारानं, चालवतो, ती कमांड सर्व्हरवर स्वतःच्या फायली टाकते, लायसन्स तपासायला जाणारं बोलणं मधेच पकडते आणि भलत्याच ठिकाणी वळवते, आणि क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, स्वतःला बसवून घेते म्हणजे रोज उठून पुन्हा तेच करायला मोकळी. म्हणजे ज्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, अशा माणसाला आपण अडीचशे रुपये देऊन वर सत्तर घरांच्या किल्ल्या दिल्या. चोराला पगारावर ठेवल्यासारखं झालं हे. त्या पोराच्या सर्व्हरवर घाण तिथनंच आली का एखाद्या नल्ड, म्हणजे लायसन्स तोडून फुकट वाटलेल्या, थीममधनं आली हे मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही, खरं सांगतो, कारण जिथं रूटच दुसऱ्याच्या हातात आहे तिथं शोध घ्यायचा तरी कशाच्या भरवशावर.

आणि मी काही साधू नाही. २०१९ ते २०२१ दोन वर्षं मीही तेच लायसन्स वापरत होतो.

२०१९ ला काय झालं ते आठवा. तोपर्यंत सीपॅनलचा हिशोब सोपा होता, एका सर्व्हरला एक लायसन्स, आत अकाउंट कितीही टाका. व्हीपीएसला, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या आभासी सर्व्हरला, महिना २० डॉलरच्या आसपास. २०१८ मध्ये ओकली कॅपिटलच्या पुढाकारातल्या गुंतवणूकदारांनी सीपॅनल विकत घेतलं, प्लेस्क आधीच त्यांच्याकडं होतं, म्हणजे बाजारातली दोन मोठी पॅनलं एकाच घरात गेली. आणि २०१९ च्या जून अखेरीला जाहीर झालं की आता पैसे अकाउंट मोजून. ५ पर्यंत २० डॉलर, ३० पर्यंत ३०, १०० पर्यंत ४५, त्याच्या पुढं प्रत्येक अकाउंटला २० सेंट. मोठ्या कंपनीला तो चिल्लर हिशोब, पण आपल्यासारख्या पन्नास-साठ अकाउंटवाल्याचं लायसन्स एका झटक्यात दुपटीच्या वर गेलं, तेव्हाच्या भावानं महिना तीन हजार रुपयांच्या पुढं, म्हणजे महिन्याला एका गिऱ्हाइकाचं अख्खं रिन्यूअल. आणि त्यानंतरही भाव चढतच राहिला.

त्यांचा माल, त्यांचा भाव, मला त्यात भांडायचं नाही. पण त्यातनं आपण काय केलं ते महत्त्वाचं आहे. काहींनी चोरीचं लायसन्स घेतलं. आणि बाकीच्यांनी, मी म्हणतो ते त्याहून वाईट होतं, अकाउंट कमी दिसावीत म्हणून दहा-दहा गिऱ्हाइकांच्या साइटी एकाच अकाउंटमध्ये ॲडऑन डोमेन म्हणून कोंबल्या. कागदावर तीस अकाउंट, आत दोनशे साइटी. आता लिनक्सच्या नजरेतनं एक अकाउंट म्हणजे एक युजर, म्हणजे दातांच्या डॉक्टरांच्या साइटमध्ये जुन्या प्लगिनमधनं (साइटला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) कुणी घुसला की तो पतसंस्थेच्या डेटाबेसचा पासवर्ड आरामात वाचू शकतो, कुलूप फोडायची गरजच नाही, भिंतच नाही ना मध्ये. पैसे वाचवायला आपण भिंती पाडल्या. आजही कुणाचा सर्व्हर साफ करायला बसलो की दर वेळी तेच बघायला मिळतं.

मग ऑगस्ट आला, २०१९ च्या महापुराचा. तुम्हाला सांगायला नको, सांगलीत इर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. माझं ऑफिस तळमजल्यावर, मारुती चौकाच्या अलीकडं. सर्व्हर लांब कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये, त्याला काहीच झालं नाही, गाव पाण्यात आणि साइटी मात्र मस्त चालू. पण बॅकअपच्या दोन हार्ड डिस्क ऑफिसच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, आणि डोमेनचे पासवर्ड लिहिलेली वही ड्रॉवरमध्ये. आठ दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा वही होती, पण तिच्यावर लिहिलेलं काही नव्हतं. त्या दिवसात माझ्याकडं महिन्याला तीन हजार कुठनं येणार होते. म्हणून शेअर्ड घेतलं. हे कारण आहे, सबब म्हणून देत नाही.

आता पुढचं नीट ऐका, कारण "ओपन सोर्स घ्या, फुकट आहे, सेफ आहे" असं मी म्हणणार नाही. त्याच ऑगस्टमध्ये, आपण गाळ काढत होतो तेव्हा, वेबमिनमध्ये चोरदरवाजा सापडला होता. वेबमिन म्हणजे जेमी कॅमेरॉननं १९९७ पासून लिहीत आणलेलं, व्हर्च्युअलमिन हे पॅनल ज्याच्यावर उभं आहे तेच. कुणीतरी त्यांच्या बिल्ड करायच्या मशीनमध्ये घुसून डाउनलोडच्या पॅकेजात कोड घातला होता, गिटहबवरचा सोर्स (मूळ कोड) स्वच्छ आणि सोर्सफोर्जवरनं उतरवलेली फाइल खराब. १.८९० व्हर्जन तर सरळ उघडं होतं, १.९३० मध्ये निस्तरलं. त्याच्या आधी २०१८ ला वेस्टा सीपीचं, आधी एप्रिलमध्ये सर्व्हर फोडून दुसऱ्यांवर मारा करायला वापरले आणि मग त्यांच्या इन्स्टॉलरमध्येच पासवर्ड बाहेर पाठवायची सोय केलेली सापडली. आणि अलीकडचं, ऑक्टोबर २०२४, सायबरपॅनल. इंटरनेटवर उघडे असे सुमारे २२ हजार सर्व्हर, आणि एका रात्रीत लोकांच्या फायली रॅन्समवेअरनं कुलूपबंद. फुकटची तीन पॅनलं, तिन्ही फुटलेली.

तरी मी हेच सांगतोय की उघडं सॉफ्टवेअर घ्या. का, तर प्रत्येक वेळी काय झालं ते सगळ्यांना दिसलं. कुठल्या ओळीत घाण होती, कुठल्या तारखेला आली, कुठल्या व्हर्जनला गेली, सगळं चव्हाट्यावर. आणि वेस्टाचं काम रेंगाळलं तेव्हा लोक हात चोळत बसले नाहीत, तो कोड उचलून त्यांनी हेस्टिया सुरू केलं, जे आज वेस्टापेक्षा कितीतरी जिवंत आहे. टेलिग्रामवाल्याच्या स्क्रिप्टचं असं काय होणार आहे? तो एक दिवस चॅनल बंद करून जाणार.

बरं, मग काय घ्यायचं. मला रोज विचारतात म्हणून माझं मत देतो, मत आहे, वेदवाक्य नाही.

ज्याच्याकडं आत्ता सीपॅनलवर साइटी आहेत त्यानं व्हर्च्युअलमिनची जीपीएल, म्हणजे फुकटची उघडी, आवृत्ती घ्यावी, कारण सीपॅनलचा बॅकअप ते सरळ आत ओढून घेतं, डोमेन, डेटाबेस, मेलबॉक्स सकट. मी ६२ साइटी अकरा रात्रीत हलवल्या, त्यातल्या तीनच अडल्या आणि त्या तिन्ही माझ्याच जुन्या पापांमुळं, पीएचपी ५.६ वर बसलेल्या होत्या. तोंडवळा काही देखणा नाही, पहिल्यांदा उघडल्यावर विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यागत वाटतं, पण आठ दिवसांत हात बसतो. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा: त्यात सब-सर्व्हर नावाचा प्रकार आहे, सोपा दिसतो म्हणून लोक त्यातच गिऱ्हाइकं टाकत जातात, पण सब-सर्व्हर वरच्या मालकाच्याच लिनक्स युजरवर चालतो. म्हणजे पुन्हा तेच, भिंत नाही. प्रत्येक गिऱ्हाईक वरच्या पातळीचा स्वतंत्र सर्व्हर म्हणून टाका, इथं अकाउंटचे पैसे कुणी मोजत नाही, मग कंजुषी कशाला.

जो नव्यानं सुरू करतोय त्यानं हेस्टिया. फक्त डेबियन आणि उबुंटूवर चालतं, हलकं आहे, छोट्या व्हीपीएसवर निभतं, एकाच सर्व्हरवर पीएचपीच्या तीन-चार आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात. मला त्याचं आवडतं ते म्हणजे पॅनलमधलं प्रत्येक बटण ही मागं एक साधी कमांड आहे, व्ही-ॲड-यूजर, व्ही-ॲड-वेब-डोमेन अशी, त्यामुळं नवीन गिऱ्हाईक आलं की मी दहा ओळींची स्क्रिप्ट चालवतो आणि चहा येईपर्यंत युजर, डोमेन, डेटाबेस, सर्टिफिकेट तयार. इथंही नियम तोच, एक गिऱ्हाईक एक युजर, आणि ॲडमिन युजरखाली एकही साइट नको. आयएसपीकॉन्फिग आहे जर्मन लोकांचं, बीएसडी लायसन्सवालं, अनेक सर्व्हर एकाच जागेवरनं चालवायचे असतील तर ते बरं, एका सर्व्हरवाल्यानं त्या वाटेला जाऊ नये.

ड्रुपलवाले, म्हणजे वर्डप्रेसऐवजी ड्रुपलवर साइटी करणारे, थोडे जण अजून असतील आपल्यात, त्यांना एजिर हे ड्रुपलचं पॅनल आठवत असेल. काय डोकं लावलं होतं राव त्या लोकांनी! एका कोडवर पंचवीस साइटी, आणि अपडेट करायचं म्हणजे नव्या कोडचा दुसरा प्लॅटफॉर्म उभा करून साइट उचलून तिकडं ठेवायची, नाही जमलं तर मूळ जागी परत, गिऱ्हाइकाला पत्ता नाही. मी एका शिक्षण संस्थेच्या चौदा शाळा त्याच्यावर चालवल्या, आयुष्यातले सगळ्यात शांत झोपेचे दिवस ते. पण ड्रुपल ७ चा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला आणि एजिरचं कामही थंडावलं, त्यामुळं आता नव्यानं त्यात पडा असं म्हणवत नाही. पण "अपडेट जागेवर करायचं नाही, शेजारी करायचं आणि मग साइट हलवायची" ही त्यांची सवय मी आजही वर्डप्रेसला लावतो.

वर्डप्रेस मल्टिसाइटबद्दल, म्हणजे एकाच इन्स्टॉलेशनमध्ये अनेक साइटी ठेवण्याबद्दल, थोडक्यात. २०१० ला ३.० व्हर्जनमध्ये ते मूळ वर्डप्रेसमध्येच आलं, तेव्हापासून आपल्याकडं लोकांना वाटतं पन्नास साइटींवर हाच इलाज. मल्टिसाइट म्हणजे जुना वाडा आहे. एक दार, एक नळ, एकच मीटर, बिऱ्हाडं दहा. सगळी एकाच घरातली असतील, म्हणजे एकाच संस्थेच्या अकरा शाळा, तर वाडा झकास. पण हळदीचा अडत्या आणि दातांचा डॉक्टर एका वाड्यात ठेवलात आणि उद्या डॉक्टर म्हणाले मला माझी साइट द्या, मी दुसरीकडं चाललो, की मग ते टेबलं वेगळी काढताना तुम्हाला देव आठवेल. वेगवेगळी गिऱ्हाइकं असतील तर वेगवेगळी इन्स्टॉलेशनं, आणि सगळ्यांना एकदम हाकायला डब्ल्यूपी-सीएलआय, म्हणजे वर्डप्रेस कमांडनं चालवायचं साधन. पन्नास साइटींचे प्लगिन अपडेट करायला एक फॉर लूप पुरतो. कमांडची भीती वाटत असेल तर मेनडब्ल्यूपी आहे, तेही ओपन सोर्स, आपल्याच एका साइटवर बसवायचं आणि बाकीच्या सगळ्या तिथनं बघायच्या.

एसएसएल सर्टिफिकेटचं, म्हणजे साइटला https लावणाऱ्या दाखल्याचं, बोलायला मला जरा लाज वाटते. लेट्स एन्क्रिप्ट २०१५ च्या डिसेंबरपासून सगळ्यांना फुकट मिळतंय आणि आपल्यातले काही अजून तेच लावून बिलात "प्रीमियम एसएसएल १५०० रु." लिहितात. लिहा बाबांनो, पण निदान रिन्यू तरी होतंय का बघा. ९० दिवसांचं असतं ते, आणि मुदत संपत आल्याची जी मेल यायची ती त्यांनी जून २०२५ पासून बंद केलीय. पुढं तर मुदत आणखी कमी होत जाणार, ब्राउझरवाल्यांनी आणि सर्टिफिकेटवाल्यांनी मिळून ठरवलंय की २०२९ च्या मार्चपासून जास्तीत जास्त ४७ दिवस. म्हणजे कॅलेंडरवर गोल करून हातानं सर्टिफिकेट लावायचे दिवस गेलेच, पॅनलनं आपोआप करायला पाहिजे आणि ते केलं का नाही हे दुसऱ्या कुणीतरी तपासायला पाहिजे. माझ्याकडं ते काम अपटाइम कुमा करतं, छोटं ओपन सोर्स आहे, साइट बंद पडली किंवा सर्टिफिकेट संपत आलं की फोनवर ओरडतं. फक्त ते त्याच सर्व्हरवर बसवू नका हो. सर्व्हर झोपला की पहारेकरीपण झोपला, मग ओरडणार कोण.

मेल स्वतःच्या सर्व्हरवर चालवू नका. मी चालवली, केस गेले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं एसपीएफ, डीकिम वगैरेचे, म्हणजे मेल खरंच त्याच डोमेनकडनं आलीय हे पटवायचे, नियम आवळलेत, त्यात आपल्या स्वस्तातल्या व्हीपीएसच्या आयपीवर आधी कुणीतरी स्पॅम पाठवून ठेवलेला असतो, आणि पतसंस्थेच्या मॅनेजरची मेल ऑडिटरला पोचली नाही की तो पोर्ट आणि प्रोटोकॉल ऐकून घेत नाही. मेल बाहेरची घेऊन द्या, त्याचे पैसे गिऱ्हाइकाला सरळ सांगा, झालं.

लॉगचंही, म्हणजे सर्व्हरवर कोण कधी आलं त्याच्या नोंदींचंही, बघा एकदा. सर्ट-इननं, म्हणजे सायबर हल्ल्यांचं बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं, २०२२ च्या एप्रिलमध्ये काढलेल्या निर्देशात लॉग १८० दिवस ठेवायला आणि हल्ला झाला तर कळल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितलंय. आपल्या सर्व्हरवर लॉग काही आठवड्यांत आपोआप पुसले जातात, लॉगरोटेटमध्ये एक आकडा बदलायचा असतो फक्त, तो बदला. शोधाशोध करायची वेळ आली की त्याची किंमत कळते, त्या पोराच्या सर्व्हरवर चौदाच दिवसांचे होते.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला घेतलं ते.

२०२१ च्या मे महिन्यात आपल्यातला एकजण कोरोनात गेला. शेजारच्या तालुक्यातला, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, कामाला माझ्यापेक्षा चांगला. जुलैत त्याच्या बायकोचा फोन आला, दादा, लोकांचे फोन येतायत साइट बंद पडली म्हणून, मी काय सांगू. मी गेलो. ३८ गिऱ्हाइकं. सगळी डोमेनं त्याच्या स्वतःच्या नावावर, एकाच अकाउंटमध्ये, ओटीपी त्याच्या मोबाइलवर आणि ते सिम तोपर्यंत बंद झालेलं. सर्व्हर त्याच्या कार्डवर, कार्ड बंद. बॅकअप त्याच सर्व्हरवर. डोमेन कंपनीला मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, काय काय पाठवलं, ती माऊली एका बाजूला पोरांची शाळा बघतीय आणि दुसऱ्या बाजूला माझ्याबरोबर स्कॅनरवर कागद ठेवतीय. अकरा डोमेनं गेली ती गेलीच. त्यातलं एक एका हॉस्पिटलचं होतं, त्याच्यावर आज कुणीतरी जुगार चालवतंय.

त्या दिवशी घरी येऊन मी माझ्या ६२ ची यादी काढली तर माझीही परिस्थिती तीच होती की. चोरीचं लायसन्स मी त्याच महिन्यात काढलं आणि वर्षभरात सगळी डोमेनं गिऱ्हाइकांच्या नावावर केली, त्यांच्या ईमेलवर, त्यांच्या मोबाइलवर. पाच-सहा जणांनी लगेच दुसरा माणूस धरला. धरू दे. बाकीचे आहेत अजून.

पण नावावर करून अर्धंच काम होतं, कारण डॉक्टरांच्या हातात डोमेन देऊन ते बॅकअप थोडेच लावणार आहेत. म्हणून माझा प्रस्ताव आहे की आपण पैरा करायचा. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: एकाकडं एक बैल, दुसऱ्याकडं एक, दोघांनी मिळून जोडी करायची, आज तुझं रान उद्या माझं, पैशाचा व्यवहार नाही. तसं चार-चार जणांचा गट. सर्व्हर ज्याचा त्याचा, गिऱ्हाइकं ज्याची त्याची, तिथं कुणी कुणाच्या बांधावर पाय ठेवायचा नाही. फक्त रोज रात्री माझा बॅकअप तुमच्या सर्व्हरवर आणि तुमचा माझ्याकडं. रेस्टिक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरायचं, ते फायली पाठवायच्या आधीच कुलूप लावतं, त्यामुळं माझ्याकडं तुमचा सगळा माल असला तरी मला त्यातलं अक्षर वाचता येत नाही. आणि घेणाऱ्या बाजूला रेस्ट-सर्व्हर, त्यात फक्त भर घालायची परवानगी द्यायची सोय आहे, पुसायची नाही. म्हणजे उद्या माझ्या सर्व्हरवर कुणी घुसला आणि रॅन्समवेअर टाकलं तरी तुमच्याकडच्या माझ्या जुन्या बॅकअपला त्याचा हात लागत नाही. सायबरपॅनलच्या त्या रात्री ज्यांचा बॅकअप त्याच सर्व्हरवर होता त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा.

कुलपाचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात, पाकीट घरच्या माणसाकडं, आणि घरच्या माणसाला गटातल्या एकाचं नाव सांगून ठेवायचं. बायकोला, भावाला, कुणाला पण. "माझं काय झालं तर याला फोन कर" एवढंच. अवघड वाटतं बोलायला, मीसुद्धा आठ दिवस टाळलं.

अपटाइम कुमा एकमेकांचं बघायचं. कुणी वारीला गेला, कुणाच्या घरी लग्न असलं, तर ते दहा दिवस दुसऱ्यानं लक्ष ठेवायचं. आणि दर तीन महिन्यांनी चिठ्ठी टाकून एक साइट निवडायची आणि ती बॅकअपमधनं दुसऱ्याच मशीनवर उभी करून दाखवायची, मालकानं नाही, गटातल्या दुसऱ्यानं. माझी पहिल्या वेळी उभीच राहिली नाही, डेटाबेसचा बॅकअप चार महिने शून्य केबीचा येत होता आणि मी रोज सकाळी "सक्सेस" बघून खूश होतो.

हे सगळं जमायचं तर पॅनल उघडंच पाहिजे, हे आता लक्षात आलं असेल. चोरीच्या लायसन्सवरचा सर्व्हर तुम्ही कुणाच्या हातात देणार? त्याला आधी ती टेलिग्रामची गोष्ट सांगावी लागेल. हेस्टिया किंवा व्हर्च्युअलमिन असलं तर गटातला कुणीपण, किंवा उद्या तुमच्या गिऱ्हाइकानं धरलेला परका माणूससुद्धा, उघडून दहा मिनिटांत कामाला लागतो. आणि लायसन्सचे जे वाचतील त्यातले थोडे त्या पोरांना पाठवा जे हे सॉफ्टवेअर लिहितात. व्हर्च्युअलमिनची विकतची प्रो आवृत्ती आहे, मी एका सर्व्हरला तीच घेतलीय, गरज होती म्हणून नाही.

सध्या आमचा चौघांचा एक पैरा चालू आहे, पाचवा तो रडत आलेला पोरगा, त्याच्या ७० पैकी ४१ साइटी नव्या सर्व्हरवर आल्यात, बाकीच्या या रविवारी हलवायच्या आहेत. माझ्याच ऑफिसात बसतोय, आता पहिल्या मजल्यावर घेतलंय. ज्याला बघायचं असेल त्यानं सकाळी दहाला यावं, मारुती चौकातनं कुणालाही विचारा. येताना आपल्या सगळ्या डोमेनची यादी आणा, पुढच्या रकान्यात प्रत्येक डोमेन कुणाच्या नावावर आहे ते लिहून. पोहे आहेत.

तुमचाच,
सांगलीचा एक वेबसाइटवाला